हरलेल्याला पहिलं पाणी

एडमंटनच्या आमच्या मराठी गोतावळ्यात कोणी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झालं, कोणाची नोकरी गेली, की कॅप्टन पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्यापुढे उभे राहायचे. सांत्वन नाही की सल्ला नाही. ग्लास पुढे करायचे आणि म्हणायचे, "घे भाऊ. हरलेल्याला पहिलं पाणी."

तरुणपणी ते नागपूरला आपल्या वस्तीच्या कबड्डी संघाचे कॅप्टन होते. त्यांच्या मैदानाचा रिवाज असा, की सामना संपला की बादलीतलं पाणी आधी हरलेला संघ पिणार. जिंकलेल्यांनी तोवर थांबायचं. "जिंकणाऱ्याची अर्धी तहान जिंकल्यानंच भागते," असं ते म्हणायचे. पुढे नागपूर सुटलं, पोटही सुटलं, पण कॅप्टनपद आणि हा रिवाज ते बरोबर घेऊन आले. मी पुण्याचा, त्यांच्या बेसमेंटमधला भाडेकरू. हरलेल्याला पाणी देण्यापेक्षा तो का हरला हे समजावून सांगणं मला जास्त जमायचं.

गावातल्या व्यावसायिक फुटबॉल संघाची दोन सीझन तिकिटं कॅप्टनकडे होती. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा कॅनडातला चुलतभाऊ. लांबट चेंडू, हेल्मेटं आणि अंगावर आडवेतिडवे पडणारे धिप्पाड गडी. एक खुर्ची त्यांची आणि दुसरी त्यांच्या मुक्ताची. सहा वर्षांची असल्यापासून ती बापाच्या मांडीला मांडी लावून ओरडायची. पण मी राहायला गेलो त्या वर्षी ती पंधरा वर्षांची झाली होती आणि संघ हरत सुटला होता. तीन-चार पराभव झाल्यावर तिने सांगून टाकलं, "बाबा, दे आर टेरिबल. आय ॲम नॉट कमिंग." तिची खुर्ची मला मिळाली.

पहिल्याच सामन्याला मी विचारलं, हे नक्की चाललंय काय? ते म्हणाले, "कबड्डीच हाये बे. तो पोट्टा चढाईले निघाला, अन् हे सगळे त्याची पकड करून राहिले. यात काय समजत नाही तुले?" त्या दिवसापासून मला सगळं समजायला लागलं, फक्त आपण दरवेळी का हरतो तेवढं सोडून. सामन्याची पाच मिनिटं उरली असताना लोक पटापटा उठून एलआरटीची लोकल गाठायला निघाले, म्हणून मीही उठलो. कॅप्टननी माझं जॅकेट धरून मला खाली बसवलं. "शिट्टी वाजली का? मग?"

स्टेडियममध्ये पाण्याची बाटली झाकण काढूनच देतात. कॅप्टन सामन्याच्या शेवटच्या सत्रात एक विकत घ्यायचे आणि जॅकेटच्या आत काखेशी उभी धरून बसायचे. सामना संपला की पायऱ्या उतरून खेळाडू आत जातात त्या कठड्याशी जायचे आणि बाटली पुढे करायचे. त्या पहाडांना पाणी द्यायला पंधरा माणसं होती, यांच्याकडे कोण बघणार? मला भयंकर लाज वाटायची. मी चार पायऱ्या वर, यांचा आपला काही संबंध नाही असा चेहरा करून उभा राहायचो.

त्याच वर्षी त्यांचीही एक लढत चालू होती. नागपूरला ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. इथे परवाना नव्हता म्हणून टेक्निशियन. ड्रॉइंग ते काढायचे आणि त्यावर सही करायचा त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला एक तरुण इंजिनिअर. "पोट्टा चांगला हाये," ते म्हणायचे, "पण आपल्या ड्रॉइंगवर आपली सही पाहिजे बे. एकदा तरी." परवान्याच्या परीक्षेत दोनदा अपयश आलं होतं. ही तिसरी खेप आणि शेवटची, असं त्यांनी वहिनींना कबूल केलं होतं. पहाटे माझ्या डोक्यावर, स्वयंपाकघरात, त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. ऑफिसला जाण्याआधी ते दोन तास अभ्यास करत.

सीझनचा शेवटचा सामना नोव्हेंबरातल्या गोठवणाऱ्या दुपारी होता. निम्मं स्टेडियम रिकामं. आपण हरलो, हे सांगायला नकोच. कॅप्टन नेहमीप्रमाणे कठड्याशी गेले. आणि एक प्रचंड, चिखलाने माखलेला गडी चालता चालता थांबला. त्याने बाटली घेतली, एका दमात रिकामी केली आणि "थँक्स, बॉस" म्हणून परत दिली. परतीच्या वाटेवर एलआरटीत कॅप्टन ती रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसले होते. "बॉस म्हणला मले," ते तिसऱ्यांदा म्हणाले. चार पायऱ्या वर उभं राहिल्याची आता मला लाज वाटत होती.

दोन आठवड्यांनी परीक्षेचं पत्र आलं. कॅप्टन ऑफिसमधून आले, पत्रपेटी उघडली आणि पत्र घेऊन पुन्हा गाडीत जाऊन बसले. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होतो. पंधरा मिनिटं झाली तरी ते उतरेनात, तेव्हा मला समजलं. वहिनी शाल लपेटून दारात उभ्या होत्या, पण त्यांनाही पाऊल उचलेना. मी मनात वाक्यं जुळवायला लागलो. फेरतपासणी, अपील, पुढच्या वेळी वेगळी पुस्तकं. म्हणजे माझं नेहमीचंच.

तेवढ्यात वहिनींच्या बाजूने मुक्ता बाहेर आली. अंगात पातळ स्वेटर, पायात घरातल्या चपला, हातात स्टीलचं फुलपात्र. बर्फातून जपून चालत ती गाडीपर्यंत गेली आणि तिने दार उघडलं. तिच्या तोंडून मी तोवर एकही अख्खं मराठी वाक्य ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, हरलेल्याला पहिलं पाणी."

कॅप्टननी फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं आणि पाणी सावकाश प्यायले. इतकी वर्षं ज्याला त्याला पाणी दिलं या माणसाने, पण यालाही कोणीतरी द्यावं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी फावड्यावर हात ठेवून उभा होतो आणि मला रडू आवरत नव्हतं, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

परीक्षेला ते पुन्हा बसले नाहीत. त्या हिवाळ्यात सीझन तिकिटांचा फॉर्म मात्र आला. त्यावर त्यांनी अगदी फर्मानावर करावी तशी मोठी सही केली आणि मला दाखवली. "हे पाह्य. इथं माझीच लागते." पुढच्या उन्हाळ्यात मुक्ताची खुर्ची मला परत करावी लागली आणि मी आनंदाने केली.

नंतर मी नोकरीसाठी कॅनडाच्याच पूर्वेकडे, एटोबिकोला आलो. फोनवर "जयभीम, पुणेकर!" अशी हाक यायची आणि मग संघाची खबरबात. शेवटच्या वर्षी आवाज खोल गेला होता. दुखण्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "शिट्टी वाजली का? मग?" एका सकाळी मुक्ताचाच फोन आला. "काका, वी लॉस्ट," एवढंच म्हणाली.

मी पोहोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना नुकतीच झाली होती. वहिनींना बायकांनी धरलं होतं, आणि मुक्ता आल्यागेल्याला चहा देत उभी होती. विमानात चार तास जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी स्वयंपाकघरात गेलो, तेच फुलपात्र शोधलं, नळाखाली भरलं आणि तिच्यापुढे धरलं.

तिने हातातला ट्रे खाली ठेवला. अर्धं पाणी प्यायली आणि उरलेलं माझ्यापुढे केलं.

"यू टू, काका."