आखूड बाण

“ही पोरगी अर्धंच वढते बे.”

“भेत असन. कॉन्व्हेंटची हाये.”

मैदानाच्या भिंतीवर रोज येऊन बसणाऱ्या मुलांचं हे बोलणं माझ्या कानावर आलं. ऐकलं नाही असं दाखवून मी बाण सोडला. तो लक्ष्याच्या अगदी खालच्या कडेला लागला. त्यांचं खरं होतं, मी भीत होते. कशाला, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं आणि आमच्या सरांनाही नव्हतं.

बुलढाण्यात रिकर्व्ह, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये असतं ते धनुष्य शिकायला लागून मला दोनच आठवडे झाले होते, तेव्हा सरांनी बाणांचं माप घेतलं. ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे बाण कापून घ्यावे लागतात. सरांकडे इंचांच्या खुणा केलेला एक लांबच लांब बाण आहे. तो लावून दोरी हनुवटीखाली टेकेपर्यंत ओढायची. धनुष्याशी कोणती खूण येते ते सर बघतात आणि त्याच्यापुढे दीडेक इंच जास्तीचा ठेवून कापायला सांगतात. बाणाची कार्बनची नळी एकदा कापली की कापली.

त्या दिवशी भिंतीवर सहा-सात जण होते. दोरी पूर्ण ओढली की छाती पुढे येते, टी-शर्ट ताणला जातो. मी दोरी हनुवटीच्या चांगली चार बोटं अलीकडेच थांबवली.

“एवढंच?” सरांनी विचारलं. ते खुणेकडे वाकून बघत होते, माझ्या हनुवटीकडे नाही. मी मान डोलावली. त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं.

बाण आले, निळ्या पिसांचे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी एकदा दोरी पूर्ण ओढली. धनुष्यावरच्या ज्या बारीक तारेवर बाण टेकतो, तिच्यावरून त्याचं टोक मागे सरकलं आणि आत, माझ्या डाव्या मुठीवर घसरलं. मी श्वास रोखून दोरी परत आणली. तेवढ्यात बोटं सुटली असती तर बाण माझ्याच हातात घुसला असता. घरी जाऊन मी मोबाइलवर तशा एका हाताचा फोटो शोधून पाहिला. नको होता पाहायला.

तेव्हापासून दोन महिने मी अर्धंच ओढत होते. “पूर्ण वढ ना. काऊन थांबतेस?” सर म्हणायचे. मी सांगायला तोंड उघडायचे. मग वाटायचं, ते विचारतील की माप देताना का नाही ओढलं, आणि सगळ्यांसमोर त्याचं उत्तर द्यावं लागेल. त्यापेक्षा नेम चुकलेला परवडला. झालंच तर माझ्याच हाताला होईल, आणि मी जपते आहे, अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

पण आमच्याकडे लक्ष्यातून काढलेले सगळ्यांचे बाण एकाच प्लास्टिकच्या पाइपात उभे ठेवतात. कमी पडला की कोणीही कोणाचा उचलतं. म्हणून मी माझे रोज आधी बाजूला काढायचे. एका शनिवारी पाणी प्यायला नळावर गेले आणि ते राहून गेलं.

परत आले तर धामणगाव बढ्याहून बसने येणारी मुलगी बाण सोडायच्या रेषेवर उभी होती. ती माझ्याहून वीतभर उंच, हात लांब. आमच्यात सगळ्यात छान ओढते तीच. तिच्या धनुष्यावर निळी पिसं होती.

“माहे दोन तडकले वं. तुहा घेतला,” ती म्हणाली. “वापस देतो लगेच.”

मी काही सांगेपर्यंत तिने धनुष्य वर केलं होतं आणि दोरी मागे यायला लागली होती. सर पलीकडे कोणाची तरी दोरी बसवत होते. दोरी ओढलेल्या माणसावर ओरडायचं नाही, दचकलं की बोटं सुटतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. ओरडले तर बाण सुटेल. गप्प राहिले तरीही सुटेल. टोक त्या तारेपासून दोन बोटांवर आलं होतं. मी तिच्या पाठीमागून कानाजवळ गेले.

“सोडू नको,” मी म्हणाले. “बोटं घट्ट ठेव. हळूहळू परत आण.”

दोरी पुढे गेली. धनुष्य खाली आलं. मग ती माझ्याकडे वळली. “काय झालं वं? मेली असती मी भेऊन!”

सर लगबगीने आले. भिंतीवरचे सगळे आमच्याकडे बघत होते. आपल्याला बरं नाही असं सांगून घरी जावं, असं एकदा मनात आलंच. सरांनी तिच्या हातातून तो बाण घेतला, वाकवून पाहिला, कानाशी धरला. “चांगला तर हाये. तडा नाही कुठं.”

“तडा नाही, सर. माझे सगळे बाण आखूड आहेत. तुम्ही माप घेतलं तेव्हा मला लाज वाटली, मी पूर्ण ओढलंच नव्हतं.”