टाका पाव्हणे

माझी बायको दर अमावस्येला दाराला लिंबू-मिरची बांधते आणि मी ते लिंबू काढून पोह्यावर पिळतो. भूत, भानामती, बाहेरची बाधा... या असल्या गोष्टी मानणाऱ्यांची मी तोंडावर टिंगल केली आहे, त्यामुळे असल्या अनुभवांच्या या सदरात मी लिहितोय हे कळल्यावर ओळखीचे लोक हसतील. हसू द्या. मी अजूनही काही मानत नाही. पण जे झालं ते झालं, आणि ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

मी यवतमाळचा. वडील कचेरीत हेडक्लार्क, दोघे भाऊ ऑफिसात. मी एकटा आयटीआय करून एसी मेकॅनिक झालो, म्हणून घरात माझा उल्लेख जरा घसा साफ करूनच होतो. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. मशीन थंड करत नसेल तर गॅस कमी, जाळी घाण, नाहीतर कॉम्प्रेसर गेला. शोधलं की सापडतं. तीस वर्षांत एकच गोष्ट अशी झाली की शोधूनही कारण सापडलं नाही.

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेला, खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा, आणि त्यात बियाणं उगवलंच नाही अशी गावोगाव बोंब. आमच्या एमआयडीसीत एक बियाणं कंपनी होती, तिचं नाव मी सांगणार नाही. मालकाने उगवण तपासायची खोली बांधली. ओल्या कागदावर मोजून शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करून ठेवायची, आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. त्यासाठी खोलीचं टेंपरेचर बाराही महिने सारखं लागतं. आणि यवतमाळात मे महिन्यात डोकं फुटतं, डिसेंबरात दात वाजतात! म्हणून त्याने मोठी कमर्शियल स्प्लिट मशीन घेतली, हीट पंपवाली. उन्हाळ्यात ती खोलीतली गरमी बाहेर फेकते आणि हिवाळ्यात उलटी फिरून बाहेरची गरमी आत ओढते. शेतात न उगवलेलं बियाणं त्या खोलीत दणादण उगवायचं, आणि मालक तो कागद तक्रार घेऊन आलेल्यांच्या नाकासमोर धरायचा.

ती मशीन बसवायचं काम आम्हाला मिळालं. आम्ही म्हणजे मी आणि दिगांबरराव, माझे साडभाऊ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईंचे ते यजमान. आर्णीजवळचे, घरी शेती, पण हात मेकॅनिकचा होता. ते मला 'पाव्हणे' म्हणायचे, नावाने कधी हाक मारली नाही.

माणूस कामाला सोनं, पण सावध इतका की माझं डोकं फिरायचं. पाइप जोडल्यावर नायट्रोजन भरून रात्रभर प्रेशर धरून ठेवायचा, उतरला नाही तरच पुढे. मग पाइपातली हवा ओढून व्हॅक्यूम, तेही घड्याळ लावून. एकदा नागपूरहून नायट्रोजन यायला दोन दिवस लागणार होते. मी म्हटलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन भरू, हवाच तर आहे. त्यांनी हात धरून मला सिलिंडरपासून लांब नेलं. तेलाशी ऑक्सिजन भेटला तर स्फोट होतो, हे मलाही माहीत होतं. घाई होती, एवढंच. आणि त्यांचा एक नियम होता, कटआउटचा. मेन बोर्डावर चिनी मातीचे तीन फ्यूज असतात, त्यांना आम्ही कटआउट म्हणतो. काम करायच्या आधी ते उपसायचे आणि ज्याचा हात वायरीत जाणार त्याच्याच खिशात टाकायचे. दुसऱ्या कोणाच्याही नाही. म्हणजे कोणी चुकून लाइन चालू करू शकत नाही.

इथे अडचण अशी की बोर्ड होता गच्चीवर, बाहेरच्या युनिटशेजारी, आणि आतलं युनिट खाली खोलीत. जिना इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येक वेळी तीन कटआउट घेऊन खाली जा, पुन्हा वर आणा. मोबाइल तेव्हा फक्त मालकाकडे होता. मात्र तांब्याचे पाइप न्यायला स्लॅबमध्ये मुठीएवढं भोक पाडलं होतं आणि ते बुजवायचं राहिलं होतं. त्यातून आवाज स्वच्छ जायचा. खालून ते "काढा पाव्हणे" म्हणायचे, मी कटआउट काढायचो. "टाका पाव्हणे" म्हणायचे, मी टाकायचो. पण हे फक्त मशीन चालवून पाहण्यापुरतं. वायरीत हात घालायचा असला की ते जिना चढून येणार आणि कटआउट मागून नेणार.

पहिल्याच हिवाळ्यात मशीन गरम करेना. आम्ही सकाळी गेलो. माझं आदल्या दिवशी घरी भांडण झालेलं, डोकं तापलेलं. दिगांबरराव कटआउट न्यायला वर आले तेव्हा मी म्हटलं, तुम्ही खाली जा, माझ्या खिशात राहू द्या, मी काय मरायला टेकलोय का विसरायला? ते हात पुढे करून उभेच. मग मी जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो, कारण ते लपवून हे सांगण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "तुमाले एकदा चांगला झटका बसला पाह्यजे दिगांबरराव, मंग भीती जाईन तुमची."

त्यांचं तोंड उतरलं. ते खाली गेले, कटआउट न घेता. माझ्या शब्दाखातर त्यांनी नियम मोडला, तो तेवढा एकदाच.

खोलीत तेव्हा एकच बाई होती. जंगूबाई, झरी जामणीकडची कोलाम आदिवासी बाई, बिया मोजायला ठेवलेली. दिवसभर कागदावर मान घालून बसायची. तिच्या तोंडून शब्द निघालेला मी ऐकला नव्हता.

मी गच्चीवर युनिटची जाळी धूत होतो. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, उन्हं चांगली वर आली होती. भोकातून आवाज आला, "टाका पाव्हणे."

दिगांबररावांचा आवाज. त्यांची ती जराशी नाकातली 'णे', सगळं तेच. शंका यायला जागाच नव्हती. मी हात पुसले, एक कटआउट टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला.

खाली काहीतरी जोरात पडलं आणि मग बाई ओरडली.

मी कटआउट पुन्हा उपसून जिन्यावरून कसा उतरलो ते आठवत नाही. ते स्टुलावरून खाली पडले होते. उजवा हात मनगटापर्यंत काळा. जबडा घट्ट मिटलेला आणि ओठांतून रक्त येत होतं. त्यांना सवय होती, युनिटच्या वायरींच्या पेटीचे स्क्रू खाली न ठेवता ओठांत धरायची, खाली ठेवले की हरवतात म्हणून. दवाखान्यात डॉक्टरांनी जबडा उघडून पाच स्क्रू काढले. सहावा पोटात गेला होता.

सहा स्क्रू तोंडात धरून माणूस "टाका पाव्हणे" म्हणू शकत नाही. मी घरी सहा स्क्रू तोंडात धरून पाहिलं आहे. एक नाही, अनेकदा. नुसतं हूं हूं होतं.

हात मनगटापासून कापावा लागला. मेकॅनिकचा उजवा हात!

आता यापुढचं सांगायची मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मालकाने विचारलं, लाइन कोणी टाकायला सांगितली? सगळे माझ्याकडे पाहत होते. मी आवाज ऐकला म्हणालो. कोणाचा? त्यांच्या तोंडात तर स्क्रू होते. जंगूबाई दारात उभी होती, मला काही सांगायला आल्यासारखी पुढे आली. आणि मी तिच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, ही बाई 'टाक' म्हणाली असेल. कागदावर बिया टाकता टाकता बोलली असेल, भोकातून वर आवाज आला, मला वाटलं दिगांबरराव.

मी 'पाव्हणे' गाळलं. तेवढंच गाळलं. तो शब्द ठेवला असता तर तिच्यावर काही आलं नसतं, कारण तिथे मला पाव्हणे म्हणणारा दुसरा कोणी नव्हता.

ती काही बोलली नाही. तिला वाटलं असेल, बोलून कोण ऐकणार. मालकाने तिला त्याच दुपारी घालवून दिलं. त्या वर्षी खेड्यात मजुरी मिळत नव्हती, हे मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं.

दिगांबरराव शुद्धीवर आले तेव्हा मी हीच गोष्ट त्यांनाही सांगितली. ते म्हणाले, "त्या बाईवर काहून ढकलता? ते तर गुमसुम बसली होती. सकाळी जे बोलले, ते तुमी करून दाखवलं."

म्हणजे त्यांना वाटलं की मी मुद्दाम टाकले. झटका बसावा म्हणून. मी आईची शपथ घेतली. मग घाबरून खरं सांगितलं, की आवाज तुमचाच होता, "टाका पाव्हणे" असा पूर्ण. आधी म्हणे बाई बोलली होती, आता म्हणे ते स्वतः बोलले. गोष्ट बदलणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेल? मीसुद्धा ठेवला नसता.

ते आर्णीला गावी परतले. पुढे बारा-तेरा वर्षं आमचं जाणं-येणं बंद. लग्नाकार्यात समोर आले तर मान फिरवायचे. सुनंदाताई माझ्या बायकोशी बोलायच्या, माझ्याशी नाही. मला माफी नको होती. हात माझ्या हलगर्जीपणाने गेला, ते मी कबूल केलं होतं. पण मी मुद्दाम केलं, एवढं त्यांच्या मनातून निघावं, यासाठी जीव तुटायचा.

मग बायकोने सांगितलं की दिगांबररावांच्या दोन्ही किडन्या गेल्या, फार दिवस नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी गाडी काढून झरीकडे गेलो. जंगूबाईचं गाव शोधायला दोन दिवस लागले. जंगलाच्या कडेला एका वावरात ती कापूस वेचत होती, केस पांढरे झालेले. तिने मला लगेच ओळखलं. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावरच, हात जोडले आणि तिला विचारलं, त्या दिवशी तू काही बोलली होतीस का?

ती वेचता वेचताच बोलली. "मी नाही बोलली. पण आवाज मीबी आयकला. टाका पाव्हणे. मी त्याच्या तोंडाकडंच पाहून राह्यली होती. आवाज त्याचा होता अन् तोंड बंद."

मी म्हटलं, तेव्हा का नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगाले तर आलती दुसऱ्या दिवशी. तुमी बोट दाखवलं."

म्हणजे माझ्या बाजूने बोलणारं जगात एकच माणूस होतं, आणि मी त्यालाच आधी संपवलं! मी धुऱ्यावर बसून रडलो. ती थांबली नाही, वेचायला घेतलेली कापसाची ओळ संपवूनच आली.

मी तिला आर्णीला चल म्हणून विनवलं. ती का आली ते मला आजही कळत नाही. मी तिच्या जागी असतो तर दगड मारला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. दिगांबरराव ओसरीत बाजेवर पडले होते, अंगावर सूज. सुनंदाताई पायाशी. जंगूबाईने उभ्या उभ्या, मला सांगितलं तेवढंच सांगितलं. एक शब्द जास्त नाही.

ते ऐकत होते. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"पाव्हणे," ते म्हणाले, "गरिबाच्या पोटावर पाय दिला, अन् आता तिच्या तोंडात शब्दबी तुमीच टाकले का?"

जंगूबाईचा चेहरा मला बघवला नाही. खरं बोलायला तेवढ्या लांबून आलेल्या बाईला माझ्यामुळे दुसऱ्यांदा खोटं ठरावं लागलं. सुनंदाताईंनी तिला पाणीही विचारलं नाही.

दिगांबरराव त्याच आठवड्यात गेले. मी गेलो होतो. मला खांदा देऊ दिला नाही.

तो आवाज कोणाचा, हे मी पुष्कळांना विचारलं. एका डॉक्टरने भास म्हटलं. पण दोघांना, एक वर आणि एक खाली, एकच भास कसा होईल? कोणी म्हणालं वाऱ्याने पाइप वाजला असेल. पाइप 'पाव्हणे' म्हणत नाही. एका बुवाने पूजा सांगितली, त्याला मी हाकलून दिलं. मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता सापडेल असं वाटतही नाही.

त्या दिवशी आर्णीहून मी जंगूबाईला परत सोडायला गेलो. गाव आलं, ती गाडीवरून उतरली आणि मग तिने विचारलं, "दादा, माह्यंच नाव काहून घेतलं?"

मी खाली मान घालून गाडी वळवली. आवाजाचं मला खरंच माहीत नाही. पण तिने विचारलं त्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला कोणी विचारणार नव्हतं, म्हणून घेतलं.