कप कोण उचलणार

आमच्याकडं हॉटेल म्हणजे फाट्यावरचं. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, एक टेबल, स्टोव्हवर दिवसभर उकळणारा चहा आणि परातीत गार झालेली भजी. कोरेगावहून आमच्या गावाला येणारी एस्टी तिथं थांबायची, म्हणून ते चालायचं. आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन सात-आठ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात घरातले देव गेले, बुद्धाची तसबीर आली, मी शिकून मास्तरीण झाले. हॉटेलाच्या बाहेरच्या फळीवर पालथे घातलेले, कान तुटलेले दोन कप मात्र जागचे हलले नव्हते. ते आमचे. मालक तोंडानं काही बोलायचा नाही, कायदा झाला होता ना. आत बसणाऱ्यांचे कप तो स्वतः उचलून बादलीत विसळायचा, आमच्या कपात मात्र नुसता वरून चहा ओतायचा. आपण बाहेर उभ्यानं प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि फळीवर पुन्हा पालथा घालायचा.

मी तिथं कधी चहा प्यायले नाही. माझ्या वडिलांना, आबांना, मात्र चहा लागायचाच. रोज सकाळी फाट्यावर जायचे, प्यायचे, कप विसळून ठेवायचे आणि यायचे. त्यावरून आमचं वाजायचं. मी म्हणायची, "फौजेत होता न्हवं तुमी? मग?" आबा शांतपणे मिशी पुसत म्हणायचे, "ही फौज न्हाई, बाई." माझं डोकं आणखी फिरायचं.

फौजेत आबा अफसरांच्या मेसमध्ये वाढपी होते. पंधरा वर्षं. बंदूक त्यांनी चालवली असेल, पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते टेबलाबद्दल. सूप कुठल्या चमच्यानं, मासा कुठल्या सुरीनं, नॅपकिनच्या घड्या किती. "वाढायचं डावीकडनं, उचलायचं उजवीकडनं," हे तर आमच्या घरात पाढ्यासारखं होतं. आई भाकरी वाढायला उजवीकडून आली की मुद्दाम घसा खाकरायचे. आई म्हणायची, "आवं, गप खावा की."

असंच एका वर्षी गणपती झाल्यावर पुण्याहून पत्र आलं. इंग्रजीत होतं, मीच वाचलं. आबांच्या पलटणीतले एक मेजरसाहेब निवृत्त होऊन कॅम्पातल्या एका बड्या हॉटेलाचे मॅनेजर झाले होते. त्यांनी लिहिलं होतं, तुझ्याइतकी बारीक नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. बायको-मुलीला घेऊन ये, एक दिवस पाहुणा म्हणून राहा आणि माझं हॉटेल कसं आहे ते खरं खरं लिहून कळव.

झालं. पत्र वस्तीभर फिरलं. ज्याला त्याला काहीतरी विचारायचं होतं. नळ फिरवला की कढत पाणी येतं म्हणतात, ते खरं का? अंथरुणावरची चादर रोज बदलतात, मग कालची कुठं जाते? भिंतीवरचं बटण दाबलं की माणूस येतो, तो किती वेळात येतो? मी एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर सगळे प्रश्न उतरून घेतले. खरं तर अर्धे माझेच होते.

माझे चुलते तेवढे खवचट. म्हणाले, "पाव्हना म्हंजी काय, मागच्या खोलीत पथारी दील आन सांजच्याला मेसात हात लावाया सांगंल." मला आतून तेच वाटत होतं. त्या दिवशी आबा माझ्यापाशी येऊन बसले आणि एकदम म्हणाले, "बाई, पंधरा वर्सं म्या दुसऱ्याचं कप उचललं. हितं आपला आपुन उचलतो. एकदा मला खुर्चीवर बसून च्या प्यायचाय, आन कप तितंच ठिवून उठायचंय. कोन उचलतंय ते बगायचंय. एवडंच."

हॉटेलाकडून माणसं काय काय मागतात. आबांनी एवढंच मागितलं होतं.

मग आठवडाभर आमची कवायत. आबांच्या ट्रंकेत फौजेतला एकच काटा-चमचा होता. तो तिघांत फिरायचा. आईनं काट्यानं पिठलं उचलायचा प्रयत्न केला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. सुरीनं भाकरी कापताना मी ताटच पाडलं. आबा मात्र गंभीर. कोपर टेबलाला लावू नका, चहाचा आवाज करू नका, बशीत ओतू नका. "आन उठल्यावर ताट-कप काय बी उचलायचं न्हाई," असं त्यांनी आईला बजावून सांगितलं. आईला सवय होती ना, जेवण झालं की ताट घेऊन उठायची.

कोरेगावला मीटरगेजच्या गाडीत बसलो. लोणंदला आईनं भाकरीचं फडकं सोडलं. आबांनी खाल्लं नाही, कोटाला चुरा लागेल म्हणाले. त्यांनी जुना कोट घातला होता आणि त्यावर पदकं लावली होती. पुण्याला उतरून टांग्यानं कॅम्पात गेलो. हॉटेल खरंच मोठं होतं. पांढरे खांब, लाल खडीचा रस्ता, दारात फेटेवाला दरवान. त्यानं आमच्याकडं पाहिलं, ट्रंकेकडं पाहिलं, आणि म्हणाला, "काम के लिए पीछे से."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी मला हातानं मागं सारलं आणि खिशातलं पत्र काढून त्याच्या हातात दिलं. तो पत्र घेऊन आत गेला. आम्ही उन्हात उभे. तेवढा वेळ आबांची मान इतकी ताठ होती की मला त्यांच्याकडं बघवेना. मग आतून एक टायवाला कारकून लगबगीनं आला. साहेब मुंबईला गेलेत, पण तुमची खोली तयार ठेवायला सांगून गेलेत, म्हणाला. दरवानानं दार उघडून आबांना सलाम ठोकला. आबांनीही पाय जुळवून खाडकन सलाम ठोकला आणि तो हात खाली घेईपर्यंत आपला घेतला नाही. दोघंही अडकले. शेवटी आईनंच मधून वाट काढली.

आता वहीतले प्रश्न. नळाला कढत पाणी येतं, हे खरं. पण नळ बराच वेळ वाहू द्यावा लागतो आणि तोवर गार येतं. आईनं नळ सोडला आणि त्याखाली हात धरून किती तरी वेळ नुसती उभी राहिली. म्हणाली, "वरनं वतायला कुनी लागतच न्हाई." चादर रोज बदलतात, ती धुवायला मागच्या आवारात जाते. मी खिडकीतून वाळत घातलेल्या चादरींची रांग पाहिली. गालिचाला ओलसर वास होता, हे कुणी विचारलं नव्हतं तरी मी लिहून ठेवलं. बटण दाबायला आबा तयार होईनात, काम नसताना माणसाला कशाला हलवायचं म्हणाले. मी दाबलं. माणूस इतक्या झटक्यात आला की काय मागावं तेच सुचेना. मी पाणी मागितलं. खोलीत भरलेला तांब्या समोरच होता.

आबांनी पलंगाचे कोपरे उचलून चादरीच्या घड्या तपासल्या. "हितं ढिलं पडलंय," म्हणाले. "लिव." माझ्या वहीत आता दोन याद्या झाल्या, एक वस्तीची, एक आबांची.

दुपारी जेवायच्या हॉलमध्ये गेलो. पांढरे टेबलक्लॉथ, छताला पंखे, चार-पाच टेबलांवर साहेब मंडळी. आमच्याकडं नजरा वळल्या आणि परत फिरल्या. एक वयस्क वेटर आला. डोकं पिकलेलं, हात मात्र स्थिर. त्यानं सूप डावीकडून वाढलं. "डावीकडनं," आबा पुटपुटले, "बराबर." मग चव घेऊन हळूच मला म्हणाले, "कोमट हाय. सूप कोमट म्हंजी मेसची अब्रू गेली. लिव." एकदा वेटरचा अंगठा ताटलीच्या आत आला, तेही लिहायला लावलं. आईनं काटा असा धरला की जन्मभर धरत आली असावी. वाटाणा उडाला तो माझ्याच ताटातला. जेवण झाल्यावर वेटर उजवीकडून आला आणि त्यानं आबांची ताटली उचलली. आबा नुसते समोर बघत बसले. मला वाटलं, झालं, मनासारखं झालं. पण ते म्हणाले, "ही ताटली झाली. च्या ऱ्हायलाय."

रात्री खोलीत झोपलो. आईला मऊ गादी मानवली नाही, ती खाली गालिचावर झोपली. तिला वास आला नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चहा आला. समोर हिरवळ, फुलांचे वाफे, कडेला माळ्याचा नळ. किटली वेगळी, दूध वेगळं, साखरेच्या वड्या. कप इतके पातळ की पलीकडची बोटं दिसावीत. आबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर खुर्चीत मागं रेलले. चहा पीत पीत मेसच्या गोष्टी सांगायला लागले. कुणा कर्नलनं मिठाऐवजी पिठीसाखर घेतली होती, ती गोष्ट. आई हसत होती, मी हसत होते. मी आबांना इतकं सैल, इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. वेटर थोड्या अंतरावर रिकामा ट्रे घेऊन उभा होता.

गोष्ट सांगता सांगताच आबा उठले. कप हातात घेतला. तळाचा चहा वाफ्यात फेकला, चालत माळ्याच्या नळापाशी गेले, कप विसळला, झटकला आणि परत येऊन व्हरांड्याच्या कठड्यावर पालथा घालून ठेवला. तोंडानं गोष्ट चालूच होती. मग त्यांना आमचे चेहरे दिसले.

कर्नलसाहेब अर्ध्यातच राहिले. आबांनी कठड्याकडं पाहिलं, वेटरकडं पाहिलं. कुणी हसलं नाही. वेटर पुढं आला, टेबलावरचे माझा आणि आईचा असे दोन कप त्यानं ट्रेमध्ये घेतले, मग कठड्यापाशी जाऊन तो तिसरा कपही उचलला आणि ट्रे घेऊन गेला. मला त्या क्षणी आबांची लाज वाटली. आणि लगेच लाज वाटली म्हणून स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले. आई म्हणाली, "चला, गाडीची येळ झाली."

परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत होते. मी मनाची समजूत घालत होते, मेसची सवय असेल, पंधरा वर्षं कप उचलले, हात आपोआप गेला असेल. पण मेसचा वाढपी असता तर त्यानं तिन्ही कप उचलले असते. आबांनी फक्त स्वतःचा उचलला होता. मला हे कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. वाठार गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "कवा उठलो, माजं मलाच कळलं न्हाई गं." आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

एस्टी फाट्यावर थांबली. आम्ही उतरलो. हॉटेलात बाकड्यावर गावातले दोन ऊसवाले बागाईतदार पेपर वाचत बसले होते. बाहेर फळीवर दोन कप पालथे. मालकानं आबांना पाहिलं आणि सवयीनं किटली घेऊन बाहेर यायला लागला. आबा त्याच्या बाजूनं आत गेले. ट्रंक टेबलाखाली सारली आणि बाकड्यावर बसले. आईकडं बघून म्हणाले, "बस." आई बसली. मी तर आधीच बसले होते.

"तीन च्या," आबा म्हणाले.

मालक किटली घेऊन तसाच उभा. "तुमचं कप भाईर..." एवढं बोलून थांबला. ऊसवाल्यांतल्या एकानं पेपर खाली घेतला, आबांच्या पदकांकडं पाहिलं आणि पेपर पुन्हा वर धरला. मग मालकानं आतल्या मांडणीवरचे तीन कप काढले आणि टेबलावर आदळले. बाहेरच्या कान तुटलेल्या कपांपेक्षा ह्यांनाही फार काही जास्त शोभा नव्हती, एकाचा काठ उडालेला होता. मी तिथला चहा पहिल्यांदाच प्यायले. भलताच गोड होता.

चहा संपला. आबा उठले आणि त्यांचा हात कपाकडं गेला. मी पाहिलं. तो हात तिथवर गेला, थबकला, मग त्यांनी तो मागं घेऊन कोटाच्या खिशात घातला. पैसे टेबलावर ठेवले, दुसऱ्या हातानं ट्रंक उचलली आणि बाहेर पडले. त्यांच्या मागं आई, आईच्या मागं मी.

गावाकडच्या रस्त्याला लागलो. आबा मागं वळून बघत नव्हते.

"उचलला का गं?"

मी मागं पाहिलं. "अजून न्हाई."

चार पावलं गेलो.

"आता?"

मालक टेबलापाशी उभा होता. कमरेवर हात ठेवून त्या कपांकडं बघत होता. मग त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं.

"उचलला."

"कुटं ठिवला? फळीवर का बादलीत?"

मी थांबून नीट पाहिलं. तिन्ही कप सगळ्यांच्या बादलीत गेले होते. पुढं त्यानं ते फोडले की वापरले, मला माहीत नाही. त्या क्षणी बादलीत गेले होते एवढं खरं.

"बादलीत," मी म्हणाले.

"तिनी?"

"तिनी."

आबांनी ट्रंक खाली ठेवली आणि खिशातला हात बाहेर काढला. त्यांनी त्या हातानं मिशी पुसली, ट्रंक पुन्हा उचलली आणि चालायला लागले.

"बाई," थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "मेजरसाबला लिवशील तवा त्या सुपाचं लिवू नगंस."