‘र्फ’ची भाषा

बागेतल्या समोरच्या बाकावर दोन मुली कुजबुजत होत्या. प्रत्येक शब्दाच्या पोटात ‘र्फ’ घुसवायचा, म्हणजे इतरांना काही कळत नाही. दूरदूरच्या भाषांतही मुले शब्दांत अशी पाचर ठोकतात, असे मी पुढे वाचले. लहानपणी मात्र ही भाषा ताईची आणि माझी, एवढेच ठाऊक होते. आईदेखत आम्ही तीच बोलायचो.

शेजारी बसलेल्या ताईला आताशा माणसे ओळखू येत नाहीत. तरी धीर करून मी हळूच म्हटले, “ताई, चर्फल घर्फरी.”

तिने सौजन्याने माझ्याकडे पाहिले. “तुम्ही कुठल्या हो? आमच्याकडे असं नाही बोलत.”

समोरच्या दोघी मात्र चमकून गप्प झाल्या. त्यांना कळले होते.