आप्पांचा बिघडवलेला कॉर्ड

दौंडहून सुनंदाचा फोन आला तेव्हा मी शिरूरला माझ्या संगीताच्या क्लासमध्ये होतो. "आप्पा गेले सकाळी. तरास कायबी झाला न्हाई…" वडिलांचं सांगताना तिचा आवाज शांत होता. आणि खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठीही.

आप्पा रेल्वेत गार्ड होते. मेंढरांमागं वाढलेला हा माणूस सुट्टीला लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा आणि निवृत्त झाल्यावर मला शिकवायचा. दर रविवारी मी दौंडला जायचो. एकदा त्यांनी जी सेव्हन कॉर्ड धरला, जी, बी, डी, एफ हे चार सूर एकत्र, आणि त्यातला डी सोडून शेजारची काळी पट्टी, डी शार्प, दाबली. कॉर्ड एकदम अस्वस्थ झाला. "ह्यो बिघडवलेला. आता ह्याला सी मेजरवर, सी-ई-जीवर, नेऊन सोड, तिथं कान निवतो. उलटापालटा करून, कंचाबी सूर तळाला घेऊन." पुढच्या रविवारी मी सगळे उलटे प्रकार पाठ करून घडाघडा वाजवले. आप्पा म्हणाले, "पाठ हाय तुला. समजलं न्हाई."

माझा क्लास नुकताच सुरू झालेला. ते बोलणं मला लागलं. सहा वर्षं मी तिकडं फिरकलो नाही.

मागच्या वर्षी कळलं, आप्पांना अर्धांगवायू झालाय, डावा हात पार गेला, उजवा जेमतेम हलतो, कीबोर्ड झाकून ठेवलाय. तेव्हा मात्र गेलो. कीबोर्ड काढला आणि त्यांचा उजवा हात बघत बसलो. हात उचलत नव्हता, बोटं तेवढी सरकत होती. मग तोच कॉर्ड असा उलटवला, की डी शार्प तळाला आला, वर एफ, जी आणि बी. त्यांची बोटं एकेक करून तिथं टेकवली. पहिलं बोट एक पट्टी वर, दुसरं एक पट्टी खाली, दोन्ही ईवर आली. जी जागेवरच. बी शेजारच्या सीवर. झाला सी मेजर. कॉर्ड उलटवायचा कशासाठी, हे मला त्या दुपारी कळलं… बोटांना वाट जवळ पडावी म्हणून.

आप्पांनी तीनदा वाजवलं. मग म्हणाले, "लई उशीर केलास."

"व्हय आप्पा, आत्ता समजला."

"कॉर्डचं न्हाई. यायचं म्हणतोय."

त्यानंतर एकही रविवार मी चुकवला नाही.

परवा सुनंदा सांगत होती, ती त्यांचा हात पट्ट्यांवर ठेवून द्यायची आणि ते रोज सकाळी हे दोनच कॉर्ड वाजवायचे, गेले त्या सकाळीही वाजवले. मी उगाच विचारलं, "सीवर आले होते का?"

"आले की," ती म्हणाली. "मगच हात खाली घेतला."