मावशीचं शेत आणि बाबांचा कर

आमच्या घरात आजही सांगतात की, बाबांचा थकलेला आयकर मावशीनं स्वतःचं शेत विकून भरला. तिनं भरला हे खरं आहे. पण शेत विकायची गरज नव्हती, आणि ते मला माहीत होतं.

मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको. मी तिला मावशीच म्हणायचो. सफाळ्याकडचं भाताचं शेत तिला तिच्या वडिलांनी दिलेलं. पुढे ते तिच्या मुलीला, माझ्या धाकट्या बहिणीला मिळायचं होतं. बाबांची बोईसर स्टेशनजवळ गवताची वखार होती. दाबून बांधलेल्या गाठी वॅगनीतून मुंबईच्या तबेल्यांना जात. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, त्याच सुमारास ते गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "मुलीचं लग्न करू" म्हणून झालं, "वखार चालवू" म्हणून झालं. ऊन चढलं, भटजी कंटाळले. शेवटी वखारीत वजनकाट्यावर बसणारा माणूस म्हणाला, "छोटे शेट, सरकारचं देनं फेडतो म्हना. मोठ्या शेटनी इन्कमटॅक्सचे कागद भरलेच नाय. जीव तिथंच अडकला हाय."

माणसं हसली. मीही हसतच हात जोडले आणि तसं म्हणालो. कावळा खाली उतरला आणि शिवला.

काही महिन्यांनी खरोखरच नोटीस आली, वारस म्हणून माझ्या नावावर. मावशी हादरली. "तू शब्द दिलास, तेवाच कावला शिवला," ती म्हणाली. "आता फेडल्याशिवाय त्यांची सुटका नाय."

मी ठाण्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं. मेलेल्या माणसाचं जेवढं वारसाच्या हाती आलं, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. "वखार आलीय ना? मग त्यातून भरा. आईचं माहेरचं काही असेल, तर त्याच्याशी आमचा संबंध नाही."

म्हणजे वखार विकायची. बांधकामामुळे स्टेशनजवळच्या जागेला भाव येऊ लागला होता, आणि लोक नुकते कुठे मला शेट म्हणू लागले होते. खोटं बोलायचं असं काही ठरवून मी घरी आलो नाही. पायावर पाणी घेत होतो, तेवढ्यात तिनं विचारलं, "काय म्हनतात?"

"वारसांनी भरायचं म्हणतात."

"मंग आमी पन वारसच ना?"

"हो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. 'हाती आलं तेवढ्यापुरतं' एवढंच मी गिळलं.

तिनं शेताला गिऱ्हाईक बघायला भावाला बोलावलं. तो माझ्याकडे बघतच तिला म्हणाला, "नवरा गेला तो गेला, त्याचं देनं पन तूच डोक्यावर घे. आनि या शेटची वखार काय, पूजेला ठेवायची हाय?"

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "वखार गेली तर पोरगा खाईल काय?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

शेत गेलं, कर भरला. पावती तिनं मागून घेतली आणि अक्षरं लावत वाचली.

"यात माजं नाव नाय."

"वारस म्हणून मुलाचंच नाव लागतं," मी म्हणालो. हे मात्र धडधडीत खोटं होतं.

त्यानंतर ती दुकानातले तांदूळ निवडताना दिसली की मी उठून वखारीत जायचो. बहिणीचं लग्न थाटात लावलं आणि फिटलं सारं, असं मनाला सांगितलं. मावशी गेली तीसुद्धा आपण नवऱ्याला सोडवलं या समाधानात.

मागच्या महिन्यात मी वखारीच्या जागेची निम्मी वाटणी बहिणीच्या नावावर करायला काढली. ती म्हणाली, "दादा, आता या वयात कशाला? आपल्यात कधी तुझं-माझं होतं का?"

तिला समोर बसवून सांगणं जमलं नाही. म्हणून हे लिहिलं. सह्या करण्याआधी तिनं ते वाचावं.