वणव्याचा पुरता हिशोब

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मध्ये फिदीफिदी केलेलं मला चालत नाही. या माझ्या तोंडानं माझा असा घात केला म्हणता! दुश्मनानं केला नसता.

आमचं शेत वळसंगच्या अलीकडं. बांधाला लागून वनखात्याचं माळरान. माळाच्या तोंडाशीच त्यांचा भला मोठा बोर्ड आहे, त्याचं पुढं येईलच. तर ऐन उन्हाळ्यात माळाला वणवा लागला, वारं आमच्या अंगावरचं, आणि ठिणग्या उडून माझी कडब्याची गंजी गेली. सगळी! दावणीला चंद्री म्हैस. तिला पावसाळ्यापर्यंत घालू काय? माझं डोकं?

पंचनाम्याला तलाठी आला. तरणाबांड, सदा घाईतला. सोबत साध्या शर्टातला एक गप्प माणूस. तहसिलातला कारकून असणार, असं मी ठरवून टाकलं. माझं एकदा ठरलं की ठरलं.

तलाठ्यानं राखेचा फोटो काढला, दोन ओळी खरडल्या. "आजी, अंगठा द्या."

अंगठा? मी? अहो, शाळेची पायरी चढले नाही, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून वाचायला शिकलेली बाई मी. आता पेपर वाचते तो जाहिरातींसकट!

"सही करते मी! आन् एवढंच नुकसान व्हय, भाऊसाहेब?"

"गंजीच जळली की, आजी."

"पेपरात वाचलंय मी. वणव्याचं नुकसान म्हंजे नुसतं जळालं तेवढं न्हाय. त्याच्या मागनं जे जे बुडतं ते बी धरायचं. माळ जळला, आता माजी म्हस चरणार कुटं? दूध आटलं, ते कोण लिवणार?"

तलाठी घड्याळ बघायला लागला. पण तो गप्प माणूस पुढं सरकला. खिशातनं पेन काढला. "म्हस रोज जाती व्हय माळावर?"

बघा! चार अक्षरं कळणाऱ्या माणसाला लगेच समजतं. "रोज! दिवस उगवला की तितंच."

माझी धाकटी जाऊ गंगव्वा चहा घेऊन आली होती, तिनं मला कोपरानं ढोसलं. हिला वाटलं असेल, आपलं राहिलं. मी काय एकटीचंच बघणारी बाई आहे?

"हिच्या शेळ्या बी लिवा. त्या बी माळावरच पोसल्यात."

गंगव्वाचं तोंड राखेसारखं झालं.

"अजून काय, आजी?" इतक्या अदबीनं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं हो! मग काय, मी सुटलेच. चुलीचं जळण, कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या, छपराचं गवत, सोलापूरच्या बाजारात नेते ती सीताफळं. सगळं माळावरचं, सगळं बुडालं, सगळं लिहा!

"अक्का, सुम्न कुंड्र!" गंगव्वा ओरडली. राग आला की आमच्या घरात कानडी सुरू होतं.

"गप बस म्हणतीस? मला?"

"अगं, ह्यो जंगलाचा गार्ड हाय! माजी शेळी ह्यानंच धरली हुती!"

आता त्या बोर्डाचं सांगते. 'चराई व तोडीस सक्त मनाई.' ज्याला वाचता येत नाही त्याला मीच थांबवून, बोट ठेवून तो बोर्ड वाचून दाखवते!

मग मी सगळा हिशोब उलटा फिरवला. "माळावर हाय काय, साहेब? नुसती कुसळं! दूध कसलं, म्हस भाकड हाय. आन् ती दावण सोडून कुटं जातच न्हाय!"

एवढ्यात बांधावरून चंद्री आली. दावं तोडून, रोजच्या सवयीनं माळावर जाऊन. काळीभोर म्हैस, गुडघ्यापर्यंत राखेनं पांढरी. आणि कास? टम्म!

"ही कुणाची?" गार्ड म्हणाला.

"काय की! वाट चुकली असंल."

चंद्री सरळ आली आणि तिनं माझ्या पदरात तोंड खुपसलं. भाकरीचा तुकडा तिथं असतो, हे तिला पक्कं ठाऊक. तिकडं तलाठी पाठ फिरवून, खांदे हलवत हसतोय. मेला, मघाशी केवढी घाई होती!

गंजीची भरपाई मिळाली, खोटं कशाला बोलू? ती सगळी दंडात गेली. गंगव्वाच्या शेळ्यांचाही दंड मीच भरला, नाहीतर तिनं मला घरात राहू दिलं असतं का? चंद्री आता विकतच्या कडब्यावर आहे, आणि माझ्याकडं बघतसुद्धा नाही.

पण माझं खरं डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. निघताना त्या गार्डनं कप खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आजी, भाकड म्हशीच्या दुधाचा च्या लई झ्याक झालाय."

आणि मी काय म्हणावं?

"मग अजून घ्या की! ताजं दूध हाय, सकाळीच काढलंय!"